केरू भुवडची न झाडलेली गोळी

केरू,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. आपल्या वाचनालयाला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका निघतेय आणि तीत गावातल्या माणसांवर लेख हवे आहेत. वाचनालय सांभाळणारी मनस्वी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आजी, केरूआजोबांवर तुम्हीच लिहा. प्रेरणादायी लिहा." मी म्हटलं, प्रेरणा मिळेल की नाही सांगता येत नाही, माहिती मिळेल. तुझं घर नि माझं घर यांच्यामध्ये एक दगडी गडगा आहे, आणि त्या गडग्यावरून आपण सत्तर वर्षं भांडतोय. मी नाही लिहिणार तर कोण लिहिणार?

तर पत्र तुला आहे, पण वाचणार सगळे. तुझंच तुला काय सांगतेय असं वाटलं तर गप्प बस. मुंबईत वाढलेल्या नातवंडांनाही ते कळायला हवं.

तू मला बजावलं होतंस, "काशे, माझ्याबद्दल काय पण बोल, फक्त ते बोलू नको." मी पस्तीस वर्षं बोलले नाही. आता गेल्या श्रावणापासून ते देवरुखच्या बाजारातल्या भाजीवालीलासुद्धा माहीत आहे, तेव्हा लिहायला हरकत नसावी. ते असं: ज्या माणसानं चौतीस वर्षं सरकारी कारखान्यात पिस्तुलं हाताळली, ज्याला अख्खा गाव 'पिस्तूलवाला केरू' म्हणतो, त्यानं आयुष्यात एकदाही चाप ओढलेला नव्हता. आणि गावाला हे कळू नये यासाठी तो माणूस काय वाटेल ते करायला तयार होता.

दोष जन्मापासूनचाच. दुसरीत असताना गुरुजींनी नवी लाकडी पट्टी आणली, तर तिची एक कड दुसरीपेक्षा जाड आहे हे तू त्यांना भर वर्गात दाखवून दिलंस आणि त्याच पट्टीनं मार खाल्लास. मार खाता खाता म्हणालास, "गुरुजी, जाड कडेनं मारताय." आईनं सुई आणायला पाठवलं तर दुकानातल्या सगळ्या सुया उजेडाकडे धरून, सगळ्यांची नेढी वाकडी आहेत असं दुकानदाराला सांगून, हात हलवत परत आलास. त्या आठवड्यात तुझ्या बापाच्या सदऱ्याला बटण नव्हतं.

गावातली बाकीची मुलं मुंबईला गिरणीत नाहीतर गोदीत गेली. मी रत्नागिरीला कॉलेजात गेले, तेव्हा गावानं नाकं मुरडली ते सोड. तुला तुझ्या मामानं दादरच्या एका घड्याळाच्या दुकानात चिकटवलं. तिथं तू गिऱ्हाइकांना घड्याळं विकायच्या आधी त्यांच्यातले दोष सांगायचास. चार वर्षं मालकानं सोसलं. मग एक दिवस सरकारी शस्त्र कारखान्यात तपासनीस हवेत अशी जाहिरात त्यानं स्वतः कापली, अर्ज स्वतः भरला आणि पोस्टात टाकायलाही स्वतःच गेला.

कारखान्याचं नाव लिहू नको म्हणतोस, म्हणून लिहीत नाही. देशाच्या पार त्या टोकाला, दोन गाड्या बदलून तिसऱ्या दिवशी पोचायचास. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली तरी तिथल्या कॅन्टीनमध्ये मंगळवारी कसली भाजी असायची हेही तू सांगत नाहीस. "गोपनीय हाय." मी विचारलं होतं, दुधीचं गुपित पाकिस्तानला कळलं तर काय होईल? तर तू म्हणालास, "दुधी होता असं मी बोललेलो नाय."

पण एकदा बोललास. मे महिन्याची रजा होती, मी गडग्यावर कोकमं वाळत घालत होते, तू पलीकडून बघत होतास आणि वाळत घालायच्या पद्धतीत चुका काढत होतास. तुझं तोंड बंद व्हावं म्हणून मी विचारलं,

"काय रे केरू, किती मारल्यास आत्तापर्यंत?"

"काय?"

"गोळ्या."

तू गडग्याच्या दोन्ही बाजूंना बघून घेतलंस. "गोळ्यांचा विभाग वेगळा."

"म्हणजे?"

"म्हणजे मारून बघायचं काम दुसऱ्यांचं. ती माणसं वेगळी, त्यांची शेड वेगळी. आमच्याकडे फिनिशिंग. मी कडा बघतो."

"कडा बघतोस? चौदा वर्षं?"

मग मात्र तुझी जीभ सुटली. पिस्तूल तयार होऊन तुझ्या टेबलावर यायचं. वरचा सरकणारा भाग, त्याला तुम्ही स्लाइड म्हणता, तो मागे ओढून सोडायचा. रेशमी कापड ओढल्यासारखा परत आला पाहिजे, कुठे अडकता कामा नये. मग कानाशी धरून हलवायचं. आतून खुळखुळा वाजला की नापास. मॅगझिनचं बटण दाबलं की गोळ्यांचा तो डबा आपल्या वजनानं खाली पडला पाहिजे, ओढावा लागला तर नापास. मुठीवरची चौकटीची नक्षी शेवटच्या ओळीपर्यंत सारख्या खोलीची हवी. ठोकलेले अंक एका रेषेत हवेत. काळा मुलामा सगळीकडे एकाच रात्रीतला वाटला पाहिजे, एकीकडे अमावास्या आणि एकीकडे चांदणं असं चालायचं नाही. हे तुझेच शब्द, तेव्हा मला जरा आश्चर्यच वाटलं होतं.

आणि मुख्य म्हणजे बर. लोखंड कापलं की कडेला बांबूच्या कुसळासारखं बारीक कुसळ राहतं, तीच बर. ती डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी तू डाव्या अंगठ्याचं नख वाढवलं होतंस. नख फिरवायचं, आणि खात्री नसेल तर कापसाचा पुंजका फिरवायचा. कापसाचा एक धागा जरी अडकला, तरी लाल ठिपका देऊन माल परत.

"आणि हे सगळं झाल्यावर एकदा तरी उडवून बघावंसं नाही वाटलं?"

"आमच्या हातात येतं तेव्हा रिकामं असतं गो," तू म्हणालास. मग हळूच, "आणि मला तो आवाज सोसत नाय. पलीकडच्या शेडमधनं यायचा तेवढ्यानंच माझा चहा सांडायचा. काशे, हे कुणाला बोलू नको हां."

मी बोलले नाही. तूही बोलला नाहीस, आणि तिथेच घोटाळा झाला. कारण तू नुसता 'नाही' म्हणाला असतास तर विषय संपला असता. तू म्हणायचास, "ते सांगता यायचं नाय." पारावर बसलेल्या माणसांना एवढं पुरे. वाडीत बिबट्या आला की म्हणायचे, केरू रजेवर असता तर! दादू शिवगणनं तर छातीठोक सांगायला सुरुवात केली, की केरूकाकांनी अंधारात उडत्या वटवाघळाच्या डाव्या कानात गोळी घातलेली त्यानं स्वतः बघितली. ज्या सालची म्हणून तो ही गोष्ट सांगायचा, त्या साली तो पाळण्यात होता. तू तिथेच बसला होतास. तू फक्त चष्मा पुसलास.

निवृत्त होऊन आलास ते गावावर संकट आलं. टेबल गेलं, पण नख राहिलं. पहिल्या आठवड्यात तू स्वतःच्या स्वयंपाकघराची तपासणी केलीस. तुझी बायको दमयंती गरीब, पण अंत पाहू नये इतपतच गरीब. देवघरातल्या वातींचा कापूस घेऊन तू ताटांच्या कडांवरून फिरवत होतास आणि नात सानवी मे महिन्यात विसरून गेलेल्या लाल नेलपॉलिशनं नापास ताटांना ठिपके देत होतास. अठरातली सोळा ताटं नापास. खोबरं खवायची विळी नापास, कारण तिच्या दात्यांत सारखेपणा नाही. दमयंती म्हणाली, "मंग उद्यापास्नं खोबरं नखानं खवा." आणि खरंच दोन दिवस तुला बिनखोबऱ्याची आमटी वाढली.

मग एसटीचा थांबा, देवळाची घंटा, पंचायतीचा नवा नळ. दवाखान्यातून करून आणलेली स्वतःची कवळी तू चार वेळा परत केलीस. डॉक्टर म्हणाले, काका, दुखतेय का? तू म्हणालास, "दुखत नाय. पण कडेला बर हाय." पाचव्या वेळी डॉक्टरांनी तुझ्याच हातात घासायचा कागद दिला.

बाबूच्या गणपतीच्या शाळेतली गोष्ट तर मी डोळ्यांनी बघितली. मुंबईच्या नातवंडांसाठी सांगते, मूर्ती घडवतात त्या शेडला आपल्याकडे शाळा म्हणतात. चाळीस गणपती रंगाची वाट बघत ओळीनं बसलेले, आणि तू प्रत्येकाच्या सोंडेखालून कापूस फिरवत चाललेला. बाबू तोपर्यंत गप्प होता. तू खिशातून ती लाल बाटली काढलीस तेव्हा तो उठला.

"काका, देव हाय तो."

"देव हाय, पण सोंडेच्या आतल्या बाजूला सांधा दिसतोय."

"आत कोण बघणार हाय?"

"उंदीर," तू म्हणालास.

बाबूनं तुला हाताला धरून बाहेर काढलं. पण संध्याकाळी त्यानं सगळ्या सोंडा आतून पुन्हा घोटल्या, हेही मी बघितलं.

हे इतपत ठीक चाललं होतं. पिस्तुलाचा विषय पारावरच्या गप्पांत होता तोवर तुला धोका नव्हता. मग आमच्या शाळेतला खेळाचा मास्तर हर्षद याला गेल्या श्रावणात एक कल्पना सुचली.

आपल्या गावची नांगरणी स्पर्धा आता मोठी झाली आहे. लांज्यापासून जोड्या येतात. चिखलणी केलेल्या मळ्यात बैलांची जोडी आणि नांगर, निशाणाला वळसा घालून यायचं, घड्याळावर वेळ लावायची, गावठी बैलांचा गट वेगळा, घाटी बैलांचा वेगळा. दरवर्षी शिट्टी वाजवून जोडी सोडतात. देवळातल्या बैठकीत हर्षद उभा राहिला आणि म्हणाला, "शिट्टी काय, कुणी पण वाजवतो. आपल्या गावात पिस्तूलवाले काका असताना शिट्टी? शाळेचं शर्यतीचं पिस्तूल आहे. नुसता आवाज होतो, गोळी नसते. पहिली जोडी काकांनी बार काढून सोडायची."

टाळ्या पडल्या. बैलांना बाराचा आवाज कसा वाटेल, हा प्रश्न शंभर शेतकऱ्यांच्या त्या बैठकीत एकालाही पडला नाही. मलाही नाही, कारण मी तुझ्याकडे बघत होते. तुझ्या तोंडावरचा मुलामा एकदम एका रात्रीतला राहिला नव्हता.

पण तू हुशार. म्हणालास, "आधी माल बघावा लागेल." मला लगेच कळलं. तू ते नापास करणार होतास आणि सुटणार होतास.

दुसऱ्या दिवशी हर्षद रुमालात गुंडाळून ते घेऊन आला. तुझ्या ओटीवर आपण चौघं: तू, मी, दमयंती आणि हर्षद. तू चष्मा पुसलास, नख फिरवलंस, आणि सुरू झालास.

"चापाच्या कड्याला आतून बर. बोट सोलवटेल. मुठीच्या स्क्रूची खाच फाटलीय, कुणीतरी सुरीनं फिरवलाय."

"विळीनं," हर्षद म्हणाला.

"काळा मुलामा तोंडाशी एक, मागं दुसरा. स्लाइड खुळखुळते. मुठीची नक्षी अर्ध्यात संपली, जसं काय कारागीर जेवायला गेला. टोकावरची नेम धरायची माशी वाकडी."

"काका, ते नुसतं आवाज करतं. नेम धरायचाच नाय."

"नेम नसला तरी माशी सरळ पाहिजे. बावा हर्षद, माल नापास. माझं नाव या मालाला लागणार नाय."

तू रुमाल गुंडाळलास. सुटलास असं तुला वाटलं. हर्षद डोकं खाजवत उठला, आणि मग त्याचा चेहरा उजळला. "मग काका, तुम्हीच ते पास करून द्या ना! अजून दहा दिवस आहेत. तुमच्याएवढं कुणाला जमणार?"

केरू, तिथे तू 'नाही' म्हणायला हवं होतंस. पण चौतीस वर्षं दुसऱ्यांचं काम परत पाठवलेल्या माणसाला पहिल्यांदाच कुणीतरी म्हणत होतं, घे, तूच नीट कर. तुझा हात रुमालाकडे गेला तो मी बघितला.

ते दहा दिवस दमयंतीला विचारावेत. बारीक दगड, घासायचा कागद, तेलाचं फडकं, खोबरेल की मशीनचं तेल यावर वाद, चुलीपाशी भाताच्या टोपाशेजारी वाळत ठेवलेले मुठीचे दोन तुकडे. आमटीला तेलाचा वास. तू तो फाटका स्क्रू टाकून नवा शोधायला देवरुखला तीन खेपा घातल्यास. नवव्या दिवशी गडग्यावरून हाक मारलीस, "काशे, ये. हात धुऊन ये."

मला त्या वस्तूंतलं काही कळत नाही. पण ते पिस्तूल मी हातात घेतलं आणि खरं सांगते, नदीतल्या गोट्यासारखं वाटलं. कुठे टोचत नव्हतं, कुठे अडत नव्हतं. माशी सरळ. तू कापूस फिरवून दाखवलास, एक धागा राहिला नाही. मग खिशातून नवी बाटली काढलीस, हिरवी. मुठीच्या तळाशी एक ठिपका दिलास. गावात आल्यापासूनचा पहिला हिरवा ठिपका.

"सुंदर झालंय रे," मी म्हटलं.

"झालंय खरं," तू म्हणालास, आणि मग तुझ्या लक्षात आलं. "आता काय कारण सांगू गो?"

कारण उरलंच नव्हतं. स्वतःच्याच हातानं सगळी कारणं घासून टाकली होतीस.

त्या दिवशी आपण तालमीसाठी वर सड्यावर गेलो. काजूच्या झाडांपलीकडे, उघड्या कातळावर, जिथे ऐकायला म्हशींशिवाय कुणी नव्हतं. तू हात वर केलास. डोळे मिटलेस. कानांत वातींचा कापूस कोंबला होतास. मी वाट बघितली. म्हैस वाट बघून निघून गेली.

"अरे दाब की!"

"एक बार काढला की तोंडाशी काजळी धरते," तू डोळे मिटूनच म्हणालास. "दहा दिवस काम केलंय."

"काजळीला घाबरतोस की आवाजाला?"

"आवाजाला नाय गो. आवाज व्हायच्या आधी जो वेळ असतो ना, त्याला."

आपण शेणी गोळा करून परत आलो, म्हणजे कुणी विचारलं तर सांगायला काहीतरी हवं म्हणून.

स्पर्धेचा दिवस. रिपरिप पाऊस, मळ्याभोवती छत्र्या, लाउडस्पीकर. चिठ्ठीत पहिला नंबर दादू शिवगणचा आला. त्याचे पाखऱ्या आणि बाळ्या म्हणजे गावठी गटातले हुकमी बैल, गेल्या साली अर्ध्या सेकंदानं हरलेले. दादू वर्षभर त्या अर्ध्या सेकंदाबद्दल बोलत होता. तो गुडघाभर चिखलात नांगर धरून उभा, तोंडावर पाणी, नजर निशाणावर. तू पांढरा सदरा, पांढरी टोपी, बांधावर. हर्षद एका हातात माइक, दुसऱ्या हातात घड्याळ.

"चौतीस वर्षं देशाची सेवा करणारे, ज्यांच्या हाताखालून लाखो पिस्तुलं गेली, असे आपले केरूकाका आता बार काढून..."

तू हात वर केलास. चाप ओढलास.

'टक.'

मी तुला पुरती ओळखते, त्यामुळे मला लगेच कळलं. आवाजाची टिकली तू आधीच काढून खिशात टाकली होतीस. काजळी नको म्हणून, असं तू अजून सांगतोस. बरं, काजळी म्हणू.

माणसं बघत राहिली. पाऊस पडत राहिला. आणि मग, केरू भुवड, वय वर्षं चौऱ्याहत्तर, तू छाती भरून ओरडलास, "ठोऽऽऽ!"

बैल सुटले! माणसाच्या ओरडण्याची त्यांना सवय. पाखऱ्या आणि बाळ्या असे पळाले, की चिखल छत्र्यांच्या वर उडाला. निशाणाला वळसा असा घेतला की बघणाऱ्यांचे श्वास थांबले. दादू परत आला तो धापा टाकत, हसत, ओरडत, "किती? किती झाली?"

हर्षदनं घड्याळाकडे बघितलं. ते शून्यावर होतं. तो बाराची वाट बघत होता.

त्यानंतर दादूनं जे शब्द वापरले ते स्मरणिकेत बसत नाहीत. सारांश असा, की त्याला पुन्हा पळायचं होतं, आणि या वेळी खरा बार हवा होता. हर्षदनं तुझ्या हातातून पिस्तूल घेतलं, आत टिकली घातली, परत दिलं. आता खरोखरच भरलेलं होतं.

"मारा काका! वटवाघळाला मारलंत तसं मारा!" दादू चिखलातून ओरडला.

तू पिस्तुलाकडे बघितलंस. मग दादूकडे. पुन्हा नुसती 'टक' झाली असती तर त्याची दुसरी फेरीही वाया गेली असती, आणि हे तुला माझ्याइतकंच कळत होतं. तू हर्षदच्या हातातला माइक घेतलास. मला वाटलं आता तू म्हणणार, ते सांगता यायचं नाय.

"मी आयुष्यात एकदा पण बार काढलेला नाय," तू म्हणालास. चार कर्णे लावले होते, पलीकडच्या वाडीपर्यंत गेलं. "वटवाघूळ बिटवाघूळ सगळं खोटं. मी फक्त कडा बघायचो. हे पिस्तूल पास हाय. हा माणूस या कामाला नापास हाय. दुसरा माणूस आणा."

शंभर बापये नि सगळे आपापल्या छत्रीच्या दांड्याकडे बघताहेत. तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून दमयंती पदर खोचत बांधावर आली.

"दहा दिवस माझ्या चुलीपाशी लोळत होतं ते. द्या हिकडं."

"दोन्ही हातांनी धर," तू घाईघाईनं म्हणालास. "आणि नक्षीवर घामाचा हात..."

फाऽट!

तेव्हा कुठे गावाला कळलं, की बैल म्हणजे शाळेतली मुलं नव्हेत. पाखऱ्या डावीकडे, बाळ्या उजवीकडे, मग दोघांचं एकमत झालं आणि दोघं सरळ. निशाण गेलं. बांध ओलांडला. पाहुण्यांची खुर्ची गेली, पाहुणे वेळेवर उठले. वडापावची गाडी आडवी झाली, चटणी चिखलात गेली. आणि मागे नांगराला लोंबकळत दादू, "होऽ होऽ" करत, पण नांगर सोडला नाही त्यानं. खालच्या पऱ्यापर्यंत सगळी वरात गेली आणि पाण्यात उतरली.

या वेळी हर्षदनं घड्याळ बरोबर लावलं होतं. नियमाप्रमाणे जोडी निशाणाला वळसा घालून परत येईपर्यंत ते चालू ठेवायचं, आणि हर्षद नियमाचा पक्का. दादू शिवगणची अधिकृत नोंद एक तास अकरा मिनिटं. उरलेल्या सगळ्या जोड्या शिट्टीवर सोडल्या.

दमयंती पिस्तूल हातात घेऊन उभी होती. "एवढंच?" म्हणाली. "पोळी फुगून फुटते तेवढाच तर आवाज."

तुझं मेल्या लक्ष कुठे, तर पिस्तुलाच्या तोंडाशी. "बग," म्हणालास, "काजळी."

तुला वाटलं होतं गाव आता तोंडाला काळं फासेल. आठ दिवस चिडवलं, एवढंच. पोरं तुला बघून "ठोऽऽ" ओरडायची. दादू दोन दिवस रुसला, तिसऱ्या दिवशी पारावर नवी गोष्ट सांगायला लागला, की दमयंतीकाकूंनी एका बारात दोन बैल पऱ्यापार केले. माणसं विचारायची, "मग काका, एवढी वर्षं तुम्ही नक्की काय करायचात?" तू पहिल्यांदाच सगळं सांगितलंस, नख, कापूस, मुलामा, माशी. दुधीसुद्धा सांगितलास. आता रविवारी तुझ्या ओटीवर कोयते, विळ्या, नांगराचे फाळ घेऊन माणसं बसलेली असतात आणि तू नापास करतोस, आणि ती मुकाट्यानं घासतात. मला वाटलं, झालं, माणूस सुखी झाला.

तर दसऱ्यानंतर एका सकाळी तू गडग्यावर आलास. दमयंती आसपास नाही हे बघून घेतलंस.

"काशे, एकदा मारून बघायची हाय."

"काय?"

"गोळी. दमयंतीनं पण मारली. मीच राहिलो."

मनस्वीनं मोबाइलवर शोधून दिलं, रत्नागिरीत एका हॉलमध्ये छऱ्याच्या पिस्तुलानं नेम मारायला शिकवतात, कुणीही जाऊ शकतं, फार आवाजही होत नाही. आपण बुधवार ठरवला. दमयंतीला सांगितलं, डोळे तपासायला जातोय. सकाळची पहिली एसटी पकडून नऊच्या सुमाराला आपण त्या हॉलच्या दाराशी उभे. दारावर पाटी: वेळ संध्याकाळी चार ते सात. तू पाटीवरचं रंगकाम बघून घेतलंस, आणि मी म्हटलं, उन्हात उभं राहण्यापेक्षा मिरकरवाड्याच्या मासळी बंदरावर जाऊन येऊ.

तिथे लिलाव चालू होता. तू एका सुरमईपाशी थांबलास. कल्ले उचललेस, नख फिरवलंस, पोटावरून हात फिरवलास, डोळे बघितलेस. हफीजा नावाची मासेवाली खेकसली, "ए चाचा, मासा घ्यायचा हाय की लग्न ठरवायचंय?" तू शेपटीपर्यंत बोट फिरवून घेतलंस, मग माझ्याकडे वळलास आणि म्हणालास, "पास हाय गो. काय पण करावं लागणार नाय."

अशी वस्तू तुला जन्मात पहिल्यांदा मिळाली होती, तेव्हा ती घेणं आलंच. बर्फ घालून पिशवीत बांधून घेतली. अकरा वाजता पिशवीतून पाणी गळायला लागलं. बाराला तू बर्फ तपासलास.

"चारपर्यंत टिकायची नाय," तू म्हणालास.

साडेबाराच्या एसटीनं आपण परत आलो. त्यानंतर दोनदा ठरलं. एकदा माझा गुडघा धरला, एकदा तुझ्याकडे मुंबईहून पाहुणे आले. परवा तू पुन्हा विचारलंस, या बुधवारी जायचं का. मी म्हटलं, मिरकरवाड्याला जायचं नसेल तर येते.

तू विचार करून सांगतो म्हणालास. अजून सांगितलेलं नाहीस.

— काशी